आईकडचं सागवानी डायनिंग टेबल, सहा खुर्च्या आणि एक कपाट: किंमत काय सांगावी?

कवळ्याची लेक

नमस्कार मंडळी. आई आता कायमची माझ्याकडे पर्वरीला राहायला येते आहे. कवळ्याचं घर भाड्याने द्यायचं ठरलंय आणि भाडेकरूला जेवणघर रिकामं हवं आहे. तिथलं सामान विकायचं आहे, पण किंमत काय सांगायची हेच कळत नाही.

सामान असं. सहा फूट बाय साडेतीन फूट सागवानी टेबल. १९८८ साली बाबांनी घरी मेस्त (सुतार) बसवून अंगणात करून घेतलं होतं, मला ते रंध्याचे भुगे अजून आठवतात. सोबत सहा खुर्च्या, बैठक आणि पाठ वेताने विणलेली. दोन खुर्च्यांच्या बैठकीचा वेत फाटलाय. टेबलाचा एक पाय किंचित हलतो. वरच्या फळीवर गरम भांड्यांचे पांढरे गोल डाग आहेत. शिवाय काचेची दारं असलेलं क्रोकरीचं कपाट, ते मात्र बरंच नंतर मडगावच्या दुकानातून घेतलेलं.

आतापर्यंत कानावर आलेले आकडे: जुनं सामान घेणारा एकजण येऊन सगळ्याचे मिळून १२,००० म्हणाला. बेंगळुरूचा भाऊ म्हणतो, एक लाखाच्या खाली बोलूच नकोस. इंटरनेटवर "जुना सागवान" म्हणून ८५ हजारांच्या जाहिराती दिसतात. आणि शेजारच्या काकींना त्यांच्या लेकीसाठी टेबल आणि चारच खुर्च्या हव्या आहेत. कोविडच्या वर्षात आई एकटी होती तेव्हा त्या घरातून रोज डबा येत होता. त्यांना मी कुठल्या तोंडाने आकडा सांगू? आणि फुकटात दिलं तर आईला वाटेल, तिच्या संसाराच्या वस्तूला काही मोलच नाही.

चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी घर रिकामं करायचं आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

पेडणेकर

जाहिरातीतले आकडे हे मागितलेले आकडे असतात, मिळालेले नव्हेत. एक काम करा. तुमच्यासारख्या सामानाच्या जाहिराती आज बघून ठेवा आणि दहा-बारा दिवसांनी परत बघा. ज्या तशाच लटकलेल्या असतील त्यांची किंमत लोकांनी नाकारलेली आहे. ज्या लवकर निघून गेल्या त्यांच्या आसपास खरा भाव असतो. ८५ हजारवाली बहुतेक वर्षभर तिथेच आहे.

रंधा

ताई, माझे वडील आणि आजोबा दोघेही मेस्त. आमचं डिचोलीत दुरुस्ती-पॉलिशचं छोटं काम आहे. जुनी टेबलं-खुर्च्या रोज हाताखालून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

किमतीच्या आधी वस्तू नीट बघायला हवी. टेबल उलटं करा, दोघांची मदत घ्या. खालची बाजू खरं सांगते, कारण तिथे कुणी पॉलिश करत नाही. फळी किती पट्ट्या जोडून केली आहे ते बघा. मग फळीच्या टोकाकडची कड बघा: वरच्या रेघा कडेवरून खाली उतरताना दिसल्या तर अख्खं लाकूड, आणि कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली असेल तर आत प्लाय. १९८८ मध्ये घरी मेस्त बसवून केलेलं आहे म्हणजे अख्खंच असणार, पण गिऱ्हाईक विचारेल तेव्हा तुमच्याकडे फोटो हवा. खालून नखाएवढा भाग पटाशीने किंवा चाकूने खरवडा. सागाचा सोनेरी तपकिरी रंग आणि तेलकट, चामड्यासारखा वास लगेच येतो. जुन्या सागाच्या रेघा जवळजवळ असतात. हल्लीच्या लागवडीतल्या कोवळ्या सागात बाहेरचा फिकट भाग जास्त येतो आणि कीड पहिली तिथेच लागते. सागाच्या गाभ्याला सहसा काही होत नाही. तेव्हा पायांच्या आणि खुर्च्यांच्या फिकट पट्ट्या बघा. छोटी भोकं दिसली म्हणून घाबरू नका. खाली काळा कागद पसरून आठवडाभर ठेवा. त्यावर ताजं पीठ पडलं तरच कीड जिवंत आहे.

हलणारा पाय आत्ता, पावसात, तपासून फार उपयोग नाही. आपल्या हवेत लाकूड जूनपासून फुगतं आणि सैल सांधासुद्धा घट्ट वाटतो. तुमचा पाय भर पावसात हलतोय म्हणजे उन्हाळ्यात चांगलाच हलत असणार. तो विकण्याआधी करून घ्या. सांधा मोकळा करून, जुना सरस खरवडून पुन्हा बसवायचा, फार खर्चाचं काम नाही. खिळा मात्र कुणाला मारू देऊ नका, खिळ्याने सांधा फाटतो.

पांढरे डाग लाकडात नसतात, पॉलिशमध्ये ओल अडकलेली असते. कोपऱ्यात न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा एक थेंब टाका. चिकट झालं तर लाखेचं फ्रेंच पॉलिश आहे आणि ते सहज नवं करता येतं. पण तुम्ही करू नका. विकण्याआधी चकचकीत पॉलिश केलेलं टेबल बघितलं की मी स्वतः पहिला संशय घेतो, खाली काय भरून काढलंय म्हणून. ओल्या फडक्याने पुसा, लगेच कोरडं करा, बस्स.

आता किंमत. बाबांनी काय दिले होते ते विसरा. भावाच्या मनातली किंमत आणि भंगारवाल्याची किंमत, दोन्ही बाजूला ठेवा. असं विचारा: हीच वस्तू आज मेस्ताकडून करून घ्यायची तर काय पडेल? ते काढता येतं.

लाकूड घनफुटावर विकतात. तुमची फळी सहा बाय साडेतीन, जाडी सव्वा इंच धरली तर साधारण २.२ घनफूट. तीन इंची चार पाय ०.६, खालची चौकट अर्धा. टेबल झालं सव्वातीन घनफूट. वेताच्या खुर्चीला पाव ते पाऊण यांच्या मध्ये कुठेतरी लागतं, मी ०.३५ धरतो, सहा खुर्च्यांचे दोन. एकूण सव्वापाच-साडेपाच. करवतीत आणि रंध्यात जातं ते धरून वखारीतून सात घनफूट आणावं लागेल. भाव प्रतीप्रमाणे खूप बदलतो, तुमच्या जवळच्या वखारीत विचारून घ्या. हिशेबासाठी ४,००० धरू. लाकूड २८,०००. मजुरी: टेबलाला सहा दिवस, खुर्चीला तीन, म्हणजे एकूण चोवीस दिवस. दिवसाचे १,२०० धरले तर २९,०००च्या आसपास. वेत १२,०००, पॉलिश ९,०००. बेरीज ७८,०००.

जुन्या वस्तूची मी यातली निम्मी धरतो. निम्मी का, तर घेणाऱ्याला माप निवडता येत नाही, नक्षी निवडता येत नाही, काही झालं तर परत आणून देता येत नाही, आणि तेवढ्याच पैशात दुकानातून रबरवुडचं नवंकोरं टेबल घरपोच मिळतं. लाकूड मजबूत आणि मेस्ताचा हात चांगला म्हणून निम्मी तरी धरतो. प्लायच्या फर्निचरला मी चौथाईसुद्धा धरत नाही. तर ३९,०००. त्यातून दुरुस्ती वजा: दोन बैठकांचा वेत ३,०००, फळीचं पॉलिश ३,०००, पाय ५००. राहिले ३२,५००.

ही तुमची रास्त किंमत. जाहिरातीत ३६,००० लिहा, ३२,००० ते ३३,०००ला द्या आणि २८,०००च्या खाली जाऊ नका. १२,००० म्हणणारा माणूस लबाड आहे असं मी म्हणणार नाही. त्याला टेंपो, गोदाम, दुरुस्ती आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंतचं थांबणं एवढं सगळं त्यातूनच काढायचं असतं. पण तुम्हाला थांबता येत असेल तर त्याला द्यायची गरज नाही.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. टेबल मोठं दिसतं म्हणून सगळे त्यालाच महाग समजतात. खरी मेहनत खुर्चीत असते. तिरके पाय, वाकवलेली पाठ, वेत. वरच्या हिशेबात नवं टेबल साधारण २८,०००चं आणि प्रत्येक खुर्ची ८,०००च्या पुढे. म्हणून कुणी "टेबलाचे सगळे पैसे घ्या, खुर्च्या अशाच द्या" म्हणालं तर ऐकू नका.

फातर्पेकर

रंधाजींनी छानच लिहिलंय. पण ताई, थोडं व्यवहारी व्हा. जाहिरातीत "पोर्तुगीज काळातलं गोवन फर्निचर" असं लिहा. आसगाव, हणजूण भागात बाहेरून येऊन व्हिला करणारी मंडळी असं सामान शोधत फिरतात. किंमत दुप्पट सांगा, देतील.

रंधा

नका करू असं, कळकळीने सांगतो. पोर्तुगीज १९६१च्या डिसेंबरात गेले, टेबल १९८८चं आहे. ज्याला कळतं तो खालची बाजू बघून दोन मिनिटांत ओळखेल, आणि ज्याला कळत नाही त्याला फसवून पैसे घेणं ही वडिलांच्या टेबलाची शोभा नाही. "१९८८ साली कवळ्याला घरी मेस्त बसवून करून घेतलेलं" हे खरं वाक्य जाहिरातीला पुरेसं आहे. कुणी, कुठे, केव्हा केलं हे सांगता येणारं किती फर्निचर विकायला येतं? व्हिलावाल्यांनाही तेच आवडतं. त्यांना जरूर विका, पण खरं सांगून.

आणि वस्तू खरोखरच शंभर वर्षांपुढची असेल तर तिला १९७२चा पुरावस्तू कायदा लागू होऊ शकतो. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. गिऱ्हाईक परदेशी असेल तर "जुनं पोर्तुगीज" म्हणून विकणं त्यालाच अडचणीत आणेल.

मडगावची वाचक

याच धाग्यात विचारते, राग मानू नका. सासूबाईंकडे जेवणघरात काळसर, जड असा सायडबोर्ड आहे. सगळे शिसवी म्हणतात. ऑनलाइन शीशमचं फर्निचर तर स्वस्त दिसतं, मग त्याचीही तेवढीच किंमत का?

रंधा

दोन झाडं वेगळी आहेत. ऑनलाइन मिळतो तो उत्तरेकडचा शीशम. आपल्याकडच्या जुन्या घरांतलं शिसव वेगळं, जांभळट काळं, त्याहून जड, आणि आता सहजी मिळत नाही. ऑनलाइन शीशमच्या भावाशी त्याची तुलना करू नका. मात्र आधी खात्री करून घ्या, कारण फणसासारख्या दुसऱ्या लाकडाला काळं पॉलिश मारून शिसवीसारखं केलेलंही मी पुष्कळ पाहिलंय. खणाची आतली बाजू बघा, तिथे रंग खरा असतो. शिसवी निघालं तर फोटोवरून कुणालाही किंमत देऊ नका, लाकडाचा जाणकार घरी आणून दाखवा. आणखी एक, शिसव आणि शीशम ज्या कुळातले ते सगळं कुळ २०१७पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमांखाली आलंय. परदेशी पाठवायचं म्हणणाऱ्याला कागदपत्रं लागतील का हे आधी विचारून घ्यायला सांगा.

पणजीची कारकून

पैशांबद्दल दोन शब्द. घरच्या वापराचं फर्निचर विकून आलेल्या पैशावर कॅपिटल गेन लागत नाही, त्याची काळजी नको. दुकानातल्या नव्या लाकडी फर्निचरच्या बिलात १८ टक्के जीएसटी असतो, तुमच्याकडून घेणाऱ्याला तो भरावा लागत नाही. किंमत बोलताना हे जरूर सांगा.

आणि सावध राहा. जाहिरात टाकली की लगेच एखादा फोन येतो, "सामान न बघता घेतो, आगाऊ पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा." पैसे घ्यायला कधीही क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. आईचा नंबर जाहिरातीत मुळीच देऊ नका. सामान टेंपोत चढायच्या आधी पूर्ण पैसे खात्यात आलेले स्वतः बघा, समोरच्याच्या फोनवरचा स्क्रीनशॉट नव्हे.

वाळपईची सून

मला काकींबद्दल बोलायचं आहे, कारण बाकीचं सगळं इथे येऊन गेलंय.

ताई, त्यांना "तुम्हाला वाटेल ते द्या" असं चुकूनही म्हणू नका. आपल्याला वाटतं आपण मोठेपणा दाखवतोय, पण सगळं ओझं त्यांच्यावर पडतं. कमी दिलं तर काय म्हणतील, जास्त द्यायला जमेल का, याच विचारात त्या बाई चार रात्री झोपणार नाहीत. शेवटी एक तर ऐपतीबाहेर देतील, नाहीतर "नको बाई" म्हणून मागे सरतील.

रास्त आकडा आधी स्पष्ट सांगा आणि सवलत ही सवलत म्हणून सांगा. "काकी, याचे बाहेर एवढे येतील, तुमच्याकडून आम्हाला एवढेच घ्यायचे आहेत." यात आईच्या वस्तूचं मोल बोलून दाखवलं जातं आणि डब्यांची आठवणही ठेवली जाते. डब्यांचे पैसे कापले असं मात्र म्हणू नका. तो प्रेमाचा डबा होता, त्याचा हिशेब मांडला तर त्यांना लागेल.

आकडा सांगायला आईला सोबत घेऊन जा. ती बोलली तर अधिक बरं. टेबल तिचं आहे.

रंधा

वाळपईच्या ताईंचं म्हणणं शंभर टक्के खरं. काकींसाठी वेगळा हिशेब देतो. निम्म्या भावाने टेबल १४,०००, चांगल्या चार खुर्च्या साधारण १६,५००. त्यातून फळी आणि पाय यांची दुरुस्ती ३,५०० गेली की २७,०००. ही पूर्ण रास्त किंमत. तुम्ही त्यातून काय सोडाल ते तुमच्या घरचं.

उरलेल्या दोन फाटक्या खुर्च्या जोडीने विकायला गेलात तर पाच हजार मिळतील, तेही शोधून. त्यापेक्षा वेत विणून आईसाठी ठेवा. बैठकीच्या कडेला ओळीने भोकं असतील तर हाताने विणलेला वेत, तो विणणाराच शोधा. कडेला खाच असेल तर तयार जाळी बसवलेली आहे, ती लवकर होते. हाताचं विणकाम अनेक ठिकाणी अंध कारागीर शिकलेले असतात आणि त्यांच्या विणीचा ताण एकसारखा येतो.

कपाटाबद्दल: तळाचा प्लाय हाताने दाबून बघा. आपल्याकडे पोत्याने पुसलेल्या फरशीवर दहा पावसाळे उभं राहिलेलं कपाट खालून फुगतंच. फुगलं असेल तर दोन-अडीच हजारांची अपेक्षा ठेवा आणि तसं लिहून विका.

कवळ्याची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

टेबल उलटं केलं. फळी चार पट्ट्यांची, अख्खा साग. खाली एका कोपऱ्यात पेन्सिलीने मापं लिहिलेली आहेत, मेस्ताच्या हातची. स्पिरिटचा थेंब चिकटला, म्हणजे लाखेचंच पॉलिश. काळ्या कागदावर काही पडलं नाही. फोंड्याच्या वखारीत भाव विचारला. तुम्ही धरलात त्याहून थोडा जास्तच सांगितला, पण तो नव्या उत्तम प्रतीच्या सागाचा, म्हणून मी हिशेब तसाच ठेवला.

हा सगळा हिशेब भावाला पाठवला. रात्री त्याचा फोन आला. घनफूट-मजुरी बघून एक लाखाचा विषय त्याने स्वतःच सोडला. त्याला टेबल परक्याकडे जाण्याचं वाईट वाटत होतं, किंमत हे निमित्त होतं. काकींकडे जातंय म्हटल्यावर शांत झाला.

आई आणि मी काकींकडे गेलो. आईनेच सांगितलं, "बाहेर सत्तावीस येतील, तुमच्याकडून बावीस घेणार, आणि पाय दुरुस्त करून देणार." काकी म्हणाल्या, पंधरा आत्ता, सात चवथीनंतर. आईने लगेच हो म्हटलं. दोन खुर्च्या पर्वरीला आणते, त्यांच्या कडेला भोकं आहेत, विणणाऱ्याचा शोध चालू आहे. कपाटाचा तळ फुगलाय, तसं लिहून २,५००ला जाहिरात टाकली.

आता शेवटचा प्रश्न. काकींच्या लेकीचा फ्लॅट म्हापशात दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. टेबल जाईल ना?

रंधा

साडेतीन फूट रुंदी अख्खी दारातून जाणार नाही, फळी कडेवर उभी करून न्यावी लागेल. जिन्याच्या वळणावर सहा फुटांची लांबी अडते, म्हणून आधी वळणाचं माप घ्या. फळी चौकटीला खालून स्क्रूने किंवा लाकडी गुटक्यांनी बसवलेली असेल, ती सोडवा. प्रत्येक स्क्रूची जागा पेन्सिलीने खुणेने लिहा आणि स्क्रू डबीत ठेवा. फळी उभी न्यायची, सपाट नाही, चादरीत गुंडाळून, कडा वर. पायांची चौकट वेगळी न्या, पण पाय चौकटीतून काढू नका, सांधा नुकताच बसवलेला असेल. सरस सुकायला पावसात जास्त वेळ लागतो, तेव्हा पाय दुरुस्त केल्यावर निदान तीन-चार दिवस तरी हलवू नका. आणि टेंपोवर ताडपत्री असल्याशिवाय निघू नका.